पानगळीचे रंग आणि दारचें झाड

दरवर्षीं आश्विन-कार्तिकांत, म्हणजे ऑक्टोबर महिन्याच्या सुमारास, अमेरिकेंत किंवा कॅनडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून इकडच्या आप्तेष्टांना छायाचित्रें येऊं लागतात. घराबाहेर उभीं असलेलीं नातवंडें, त्यांच्या पायांखालीं पसरलेला पाचोळा, आणि मागें शेंदरी, केशरी, पिंवळ्या पानांनीं जणूं पेटून उठलेलीं मेपलचीं झाडें. आजी-आजोबा तें छायाचित्र चारचौघांना कौतुकानें दाखवितात, आणि बहुतेक वेळां त्याच बैठकींत कोणी तरी विचारतो, "असें एखादें झाड आपल्या दारीं कां लावूं नये?" प्रश्न साधा आहे, आणि विचारणाऱ्याची रसिकताहि खरी आहे. परंतु त्याचें उत्तर रोपवाटिकेंत शोधूं जाणारा मनुष्य बहुधा फसतो. मेपलचें म्हणून घेतलेलें कुंडींतील रोप पावसाळा काढतें, थंडींत बरें दिसतें, आणि वैशाखांतील कोरडा वारा सुटला कीं त्याच्या पानांच्या कडा तव्यावर भाजल्यासारख्या करपून जातात. पैसे जातात ते जातातच. त्याहून वाईट हें कीं, "आपल्याकडे रंगीत पानांचीं झाडें होतच नाहींत" असा समज त्या घरांत कायमचा ठाण मांडून बसतो.

हा समज खोटा आहे, आणि त्याचें मूळ थोडेंबहुत भाषेंतहि आहे. इंग्रजीच्या 'ऑटम' या शब्दाला 'शरद' हा प्रतिशब्द रूढ झाला आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनीं तो घोकला. वस्तुतः महाराष्ट्रांतील शरद म्हणजे पाऊस नुकताच ओसरलेला, आकाश धुऊन काढल्यासारखें स्वच्छ, शेतांत रब्बीच्या ज्वारीची पेरणी चाललेली आणि झाडें गच्च हिरवीं. त्या ऋतूंत येथील झाडानें सगळीं पानें टाकलीं तर त्यास रोग झाला असेंच म्हणावें लागेल. मराठी मुलखाची पानगळ शिशिरांतली, माघ-फाल्गुनांतली. मर्ढेकरांनीं १९३९ सालीं आपल्या काव्यसंग्रहाला 'शिशिरागम' हें नांव दिलें, त्यांत मराठी कानाला पानगळीचीच चाहूल लागते. दुर्गाबाई भागवतांनीं 'ऋतुचक्र' (१९५६) लिहितांना सृष्टीचें वर्णन युरोपांतील चार ऋतूंत बसविलें नाहीं, मराठी महिन्यांच्या क्रमानेंच केलें. ज्याला दारीं रंगीत पानांचें झाड हवें आहे, त्यानें प्रथम हेंच करावें: ऑक्टोबराची वाट पाहणें सोडून द्यावें आणि पंचांगांतील माघाकडे नजर लावावी.

थंड देशांतील पानांचा रंग हा आंखूड होत जाणाऱ्या दिवसांचा आणि वाढत्या गारठ्याचा परिणाम आहे. पान हिरवें दिसतें तें त्यांतील हरितद्रव्यामुळें. हें द्रव्य उन्हानें सतत झिजतें आणि झाड तें सतत नवें करीत असतें. दिवस लहान होऊं लागले कीं झाड हा खर्च आवरतें घेतें. पानांतील नत्र, स्फुरद इत्यादि मोलाचीं द्रव्यें तें फांद्यांत आणि खोडांत ओढून घेतें. एखादा व्यापारी दुकान बंद करण्यापूर्वीं गल्ल्यांतील रोकड काढून घेतो, तसाच हा प्रकार. हरितद्रव्य नाहींसें झालें कीं त्याच्या आड दडलेलीं पिंवळीं द्रव्यें उघडीं पडतात. तीं पानांत पहिल्यापासून होतींच. तांबडा रंग मात्र दडलेला नसतो. तो त्या शेवटच्या दिवसांत पान नव्यानें तयार करतें, आणि त्यासाठीं पानांत साखर सांठलेली असावी लागते, दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्रीं गारवा असावा लागतो. मग देठाच्या बुडाशीं बुचासारखा एक पातळ थर तयार होतो, आणि वाऱ्याची एखादी झुळूक आली कीं पान सुटतें. पान पडलें असें म्हणण्याची रीत आहे. खरें पाहतां झाड तें विचारपूर्वक सोडून देतें.

छत्रपती संभाजीनगरांत (औरंगाबादचें हें नामांतर २०२३ सालीं झालें) ही विचारपूर्वकता निराळ्या कारणासाठीं दिसून येते. शहर समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून अधिक उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस सुमारें ७०० मिलिमीटर, आणि तो बहुतेक सारा मृगापासून हस्तापर्यंत. पुढें सात-आठ महिने आकाश कोरडें. पौषांत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, पण पाणी गोठविणारी थंडी येथें पडत नाहीं. उलट वैशाखांत तो ४० अंशांवर चढतो. तेव्हां येथील झाडाला भय थंडीचें नाहीं, तहानेचें आहे. भरल्या पानांचें मोठें झाड उन्हाळ्याच्या एका दिवसांत कित्येक घागरी पाणी हवेंत सोडून देतें. तितकें पाणी जमिनींत उरणार नाहीं हें जणूं आधींच ओळखून तें माघांतच पानें उतरवून ठेवतें. कारण वेगळें, पण आंतली क्रिया तीच: तीच आवराआवर, तेंच हरितद्रव्याचें विघटन, आणि ज्या जातींना ती कला साधली आहे त्यांच्या पानांत तोच तांबडा रंग. माघांतील निरभ्र ऊन आणि गार रात्री या कामीं येथेंहि उपयोगीं पडतात.

दूरच्या रंगाची हौस या शहराला नवी नसावी. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली आणि १६५३ सालीं दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाच्या कारकीर्दींत तिचें औरंगाबाद झालें. मोगलांना झाडांचे रंग चांगले कळत होते. काश्मिरांतील निशात आणि शालिमार या बागांतला चिनार कार्तिकांत लालभडक होतो, तो पाहण्यासाठीं आजहि लोक तेथें जातात. दख्खनेंत येतांना मोगलांनीं चारबागेचा आराखडा बरोबर आणला. बीबी का मकबऱ्याभोंवतीं तो आजहि पाहावयास मिळतो. पाण्याची सोय मलिक अंबराच्या काळापासूनच्या नहरींनीं करून ठेवलेलीच होती. चिनार मात्र काश्मिरांतच राहिला. दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग, जी आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या फळसंशोधन केंद्राकडे आहे, तेथें वाढले ते आंबे आणि चिंचा. बागेचा नकाशा गुंडाळून नेतां येतो. हवा नेतां येत नाहीं.

शिशिराचे देशी रंग मुळांतच पाहावयाचे असतील तर कन्नडच्या बाजूस, अजिंठ्याच्या डोंगररांगेंत जावें. तेथील गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालीं घोषित झालें. या शुष्क पानझडी रानांत साग आहे, सालई आहे, पळस आहे, आणि रंगाच्या दृष्टीनें विशेष म्हणजे धावडा आहे. धावड्याचें पान लहान, पण झडण्यापूर्वीं त्यावर असा तांबूस रंग चढतो कीं उन्हांत पाहणाऱ्यास तो टेकडीचा उतार तांब्याच्या पत्र्यानें मढविलेला वाटावा. (डिंकाच्या लाडवांसाठीं जो उत्तम डिंक म्हणून वाणी देतो, तोहि या धावड्याचाच.) सागाचें पान नुसतेंच करडें होऊन गळतें, त्याच्याकडून रंगाची अपेक्षा करूं नये. पळस, पांगारा आणि काटेसावर हीं झाडें निष्पर्ण होऊन फुलतात. त्यांची शोभा फुलांची आहे, पानांची नव्हे, आणि त्यांच्यावर कौतुकाचे शब्द पुष्कळ खर्च झालेले आहेत.

शहरांतील घरापुढें लावण्यास सर्वांत खात्रीचें झाड म्हणजे देशी बदाम. सुक्या मेव्यांतला बदाम हा नव्हे. त्याचें कूळच वेगळें. याचें शास्त्रीय नांव टर्मिनॅलिया कटप्पा, आणि त्यांतील 'कटप्पा' हा शब्द मलायी भाषेंतील 'केतापांग' या नांवावरून आलेला आहे. झाड मूळचें समुद्रकांठचें. त्याचें हलकें फळ लाटांवर तरंगत दूर दूरच्या किनाऱ्यांना लागतें. दख्खनच्या पठारावर तें माणसानें आणलें आणि वटवाघळांनीं पसरविलें. त्याच्या फांद्या खोडाभोंवतीं आडव्या निघतात, एकीवर एक मजले चढविल्यासारख्या, म्हणून लहानपणींहि तें झाड छत्रीवर छत्री ठेवल्यासारखें ओळखूं येतें. पान वीतभर लांब, देठाकडे निमुळतें, टोंकाकडे रुंद. तें पिकूं लागलें म्हणजे एकाच फांदीवर हिरवें, पिंवळें, नारिंगी आणि गर्द तांबडें अशीं पानें शेजारीं शेजारीं दिसतात. मेपलच्या छायाचित्रानें ज्याचें मन वेधलें आहे त्याला हवें तें नेमकें हेंच, आणि तें बहुधा त्याच्याच गल्लीच्या टोंकाला वर्षानुवर्षें उभें असतें. शाळेंतून येतांना त्याचीं फळें दगडानें फोडून आंतली बोटाच्या पेराएवढी बी खाल्ली नाहीं असा मराठी मनुष्य विरळा; पण त्याच झाडाच्या पानांकडे मान वर करून पाहिलेला मनुष्यहि तितकाच विरळा.

त्याचें रोप घरच्या घरीं करतां येतें. झाडाखालीं पडलेलें पिकलेलें फळ घ्यावें. वरचा गर मुलांनीं किंवा वटवाघळांनीं खाल्लेला असला तरी चालतो. आंतली कठीण आठळी दिवसभर पाण्यांत भिजवून वाळूमिश्रित मातींत आडवी ठेवावी, वर बोटभर माती घालावी आणि ओल टिकवावी. साधारण महिन्या-दीड महिन्यांत अंकुर वर येतो. रोप पिशवींत वाढवून पुढील पावसाळ्याच्या तोंडीं जमिनींत लावावें. खड्डा मात्र उन्हाळ्यांतच खणून ठेवावा, म्हणजे तो तापतो आणि कीड मरते. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकीं ३ फूट असावी. शहराच्या पुष्कळ भागांत वीत-दोन वीत मातीखालीं मुरूम लागतो; तेथें खड्ड्याच्या बाबतींत कुचराई केली तर झाड कुंडींत लावल्यासारखेंच होतें. कांहीं भागांत काळी चिकण माती आहे. ती पावसांत पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यांत भेगा पडून कोंवळीं मुळें तोडते. तिच्यांत वाळू आणि मुरूम मिसळून ती मोकळी करून घ्यावी. शेणखत घालावयाचें तें पुरतें कुजलेलें. ताजें शेण हुमणीला आमंत्रण देतें. घराच्या भिंतीपासून २० फुटांच्या आंत हें झाड लावूं नये, कारण याच्या फांद्या उंच जाण्यापेक्षां रुंद पसरण्यांत धन्यता मानतात. ज्यांचें अंगण तेवढें नाहीं, त्यांनीं मन मोठें करून हें झाड रस्त्याच्या कडेला, परवानगी घेऊन लावावें, आणि आपल्या घरासाठीं दुसरें निवडावें.

तें दुसरें झाड ताम्हण. महाराष्ट्राचें राज्यपुष्प म्हणून तें पुष्कळांना नांवानें ठाऊक आहे आणि उन्हाळ्यांतील त्याचे जांभळे तुरे पाहून लोक थबकतात. परंतु त्याचीं पानें शिशिरांत तांबूस-केशरी होतात ही गोष्ट फुलांच्या कीर्तीखालीं दबून गेली आहे. एकाच झाडानें वर्षांतून दोनदां, दोन निरनिराळ्या रंगांनीं दार सजवावें, असा लाभ थोड्या झाडांपासून मिळतो. त्याच्या लागेरस्ट्रोमिया या शास्त्रीय नांवाची हकीकतहि गमतीची आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाला पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने मिळवून देणारा लागेरस्ट्रोम नांवाचा एक व्यापारी गृहस्थ होता. त्याच्या उपकारांची फेड लिनियसनें या कुळाला त्याचें नांव देऊन केली. माल विकून मिळविलेला पैसा केव्हांच गेला असेल, नांव मात्र झाडावर राहिलें.

ताम्हणाविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण रोपें विकणारे ती सांगत नाहींत. हें झाड मूळचें कोंकणांतील ओढ्यांच्या आणि नद्यांच्या कांठचें आहे. मराठवाड्याच्या पठारावर तें जगतें, फुलतें, रंगहि देतें. परंतु लहानपणचीं तीन-चार वर्षें त्याला उन्हाळ्यांत नियमानें पाणी द्यावें लागतें. ज्यांच्याकडे ही सोय नाहीं त्यांनीं मोह आवरावा. बीं मिळविणें सोपें आहे. त्याचीं गोल, लांकडी बोंडें थंडीअखेर उकलतात आणि आंत पंख असलेलें हलकें बीं सांपडतें. तें चाळलेल्या मातींत पातळ पेरावें, वर जाड थर देऊं नये. छाटणी करावयाची ती पानें झडल्यावर आणि नवी फूट येण्यापूर्वीं, कारण फुलें नव्या फांद्यांच्या शेंड्यांना येतात. हौशी मंडळी फुलांच्या ऐन तोंडावर कात्री चालवितात आणि मग झाडाला दोष देतात. छाटणी सोसणारें असल्यामुळें हें झाड लहान अंगणांत आटोक्यांत ठेवतां येतें.

पाण्याचा प्रश्न या शहरांत कोणत्याहि झाडाच्या बाबतींत टाळतां येत नाहीं. पैठणचें नाथसागर इतकें जवळ असूनहि कित्येक वर्षें येथील नळांना कांहीं दिवसांआड पाणी येत आलें आहे. ज्या घरांत पिण्याचें पाणी पिंपांत सांठवून पुरवून पुरवून वापरावें लागतें, त्या घरानें केवळ शोभेच्या झाडासाठीं बादल्या रित्या कराव्या काय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. हिरवळीच्या बाबतींत तो आक्षेप संपूर्ण खरा आहे. या हवेंत हिरवळ राखणें ही उधळपट्टीच होय. पानझडी झाडाची गोष्ट मात्र उलट आहे. सदाहरित झाडाला उन्हाळाभर पानें जगवावयाचीं असतात. पानझडी झाड पाण्याची सर्वांत ओढ असते त्या काळांत आपली मागणी स्वतःच कमी करतें, आणि तीच काटकसर रंगाच्या रूपानें डोळ्यांना दिसते. लहान रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यांतून एकदां भरपूर पाणी पुरतें. रोज तांब्याभर घालण्यांत अर्थ नाहीं. त्यानें मुळें वरच्यावर राहतात आणि पुढें कायमचीं परावलंबी होतात. तळाला बारीक भोंक पाडून त्यांत वात बसविलेलें एक मडकें रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावें आणि भाजी-तांदूळ धुतलेलें पाणी त्यांत ओतावें. बुंध्याभोंवतीं चार बोटें जाडीचा पाचोळा पसरला कीं ओल दुप्पट टिकल्याचा अनुभव येतो.

झाड एकदां स्थिरावलें कीं कार्तिकानंतर पाणी कमी करीत जावें आणि पौषांत तें तोडावें. येथेंच बहुतेकांचा हात अडखळतो. प्रेमानें बाराही महिने पाणी घातलेलें झाड पानें एकदम टाकीत नाहीं. आज दोन, उद्यां चार अशीं तीं पिंवळीं पडून गळत राहतात आणि रंगाचा मेळा कधीं भरतच नाहीं. पावसाळा सरल्यावर घातलेलें नत्रयुक्त खतहि असाच घात करतें: झाड नवी हिरवी फूट काढीत बसतें आणि आवराआवर लांबणीवर पडते. सावलींत लावलेल्या झाडाचीं गोष्टच सोडावी. उंच इमारतीच्या उत्तरेच्या अंगाला उभें असलेलें बदामाचें झाड शिशिरांत नुसतें मळकट पिंवळें होतें. तांबड्या रंगाला उघडें ऊन लागतें. एकाच झाडाच्या दक्षिणेकडील पानांवर रंग अधिक आणि आंतल्या पानांवर कमी, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें माघांत सकाळीं आठाच्या सुमारास झाडाच्या पश्चिमेस उभें राहून उन्हाच्या दिशेनें वर पाहावें.

आतां पाचोळ्याविषयीं. देशी बदामाविरुद्ध शहरांत सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, आणि ती खरी आहे. झाड लावण्याची हौस बहुधा घरांतील पुरुषाची असते आणि अंगण झाडण्याचें काम घरांतील बाईकडे किंवा मोलकरणीकडे जातें. महिनाभर रोज सकाळीं दोन दोन टोपल्या पानें गोळा करणाऱ्या बाईला त्या तांबड्या रंगाचें कौतुक कमी वाटलें, तर तिला अरसिक म्हणण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. कित्येक चांगलीं झाडें रोगानें पडलीं नाहींत, या रोजच्या झाडलोटीच्या कंटाळ्यानें पडलीं. म्हणून ज्यानें झाड लावलें त्यानेंच खराटा हातीं घ्यावा, ही पहिली अट. दुसरें असें कीं, पानें रस्त्यावर लोटूं नयेत आणि जाळूं तर मुळींच नयेत. अंगणाच्या कोंपऱ्यांत एक खड्डा करून त्यांत तीं टाकावीं, वर अधूनमधून शेणकाला आणि थोडी माती घालावी. बदामाचें पान जाड असल्यामुळें सावकाश कुजतें. पायांनीं तुडवून चुरा केला तर पुढच्या पावसाळ्यानंतर काळें, भुसभुशीत खत हातीं येतें. कांचेच्या पेटींत शोभेचे मासे पाळणारे लोक तर हीं वाळलेलीं पानें मुद्दाम विकत घेतात, कारण तीं पाण्यांत टाकलीं असतां त्यांतील कषाय द्रव्य उतरतें आणि तें माशांना मानवतें अशी त्यांची खात्री आहे. शेजाऱ्याच्या अंगणांत जाणारीं पानें हा नाजूक विषय आहे. तेथें आठवड्यांतून एकदां आपण होऊन झाडून देणें हें कोणत्याहि युक्तिवादापेक्षां अधिक उपयोगीं पडतें. आणि वाद विकोपाला गेलाच तर दोन्ही पक्षांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, राज्याच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणें वृक्षप्राधिकरणाच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'पुरातन वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण दिलें आहे.

शेवटीं एका अशा झाडाविषयीं सांगितलें पाहिजे, ज्याचा रंग पानें जातांना दिसत नाहीं, येतांना दिसतो. दख्खनच्या रानांचें एक नवल असें कीं, पुष्कळ झाडें पावसाची वाट न पाहतां ऐन उन्हाळ्यांत, जमीन सर्वांत कोरडी असतांना पालवतात. खोल गेलेल्या मुळांच्या आणि खोडांत राखलेल्या सांठ्याच्या बळावर तीं हें धाडस करतात. पाऊस येईल तेव्हां त्यांचीं पानें कामाला तयार असतात. पिंपळाची तांबूस, रेशमासारखी पालवी सर्वांच्या पाहण्यांतली आहे. परंतु या बाबतींतला राजा म्हणजे कोशिंब, ज्याला कुसुम असेंहि म्हणतात. फाल्गुन-चैत्रांत याचीं कोंवळीं पानें इतकीं रक्तवर्ण असतात कीं, दुरून झाड फुललें आहे असाच भास होतो. मग कांहीं दिवसांत तो रंग तांबूस होतो, पोपटी होतो, आणि अखेरीस गर्द हिरव्यांत मिसळून जातो. कोंवळ्या पानांतील हें तांबडें द्रव्य तीव्र उन्हापासून तीं झांकतें, आणि पानांत किडींना आवडण्याजोगें कांहीं भरण्याआधीं तीं निबर होऊन जातात, असें शास्त्रज्ञ मानतात. याच झाडावरची कुसुमी लाख सर्वांत उत्तम समजली जाते, आणि बियांचें तेलहि निघतें.

कोशिंब सावकाश वाढतो. लावणाऱ्याचे केस पिकलेले असतील तर त्याची पुरी शोभा त्याच्या नातवंडांच्याच वांट्याला येईल, हें गृहीत धरूनच तो लावावा. घराच्या अंगणापेक्षां शाळेचें आवार, देवळाचा परिसर किंवा वसाहतीची मोकळी जागा त्याला अधिक शोभते, कारण त्याचा विस्तार मोठा आणि सांवली दाट असते. आणि ही सांवली जेव्हां सर्वांत हवी त्या वैशाखांतच तयार झालेली असते, हा त्याचा दुसरा मोठा गुण. श्रोत्यांपैकीं ज्यांच्याकडे अशी एखादी सार्वजनिक जागा सोंपविलेली असेल त्यांनीं वृक्षारोपणाच्या दिवशीं पुन्हां तींच तीं परदेशी रोपें रांगेनें लावण्यापेक्षां एक तरी कोशिंब लावून पाहावा. त्याचीं फळें आषाढाच्या सुमारास पिकतात. आंतला आंबट गर मुलें आवडीनें खातात. त्यांच्याकडून बिया मागून घ्याव्या आणि ताज्या असतांनाच पेराव्या, कारण ठेवल्यानें त्यांचा जोम लवकर जातो. उंच पिशवींत दोन दोन बिया घालून त्यांतलें जोमदार रोप राखावें. पहिल्या वर्षीं तें जेमतेम वीतभर होतें आणि पाहणाऱ्याची निराशा करतें. पण तें आपलें बळ मुळांत घालीत असतें, म्हणून दुसऱ्या पिशवींत हलवितांना त्याचें सोटमूळ दुमडणार नाहीं इतकी काळजी घ्यावी.